न्यायमूर्ती विल्यम हेस्टी : डनबार शाळेचे एक माजी विद्यार्थी

वॉशिंग्टन शहरात डनबार हायस्कूल नावाची एक शाळा आहे. एके काळी ती फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी होती. तिथल्या शिक्षकांपैकी काहींनी डॉक्टरेट मिळवलेली. पण गोऱ्यांच्या विद्यापीठांत त्यांना कोणी उभे करीत नसे, म्हणून ते शाळेत शिकवीत. अन्यायातून त्या शाळेला असे शिक्षक लाभले, हा विचित्रच योग! विल्यम हेस्टी १९२१ साली याच शाळेतून पहिले आले. एक वर्ष मागे होते चार्ल्स ड्रू, पुढे रक्तपेढीच्या कामासाठी गाजलेले डॉक्टर. दोघेही पुढे अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात गेले.

हेस्टींचा जन्म १९०४ चा, टेनेसीतील नॉक्सव्हिल गावचा. अ‍ॅमहर्स्टलाही ते पहिले आले. मग दोन वर्षे मास्तरकी करून हार्वर्डला कायदा शिकले आणि हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागले. थर्गुड मार्शल हे त्यांचे तिथले विद्यार्थी.

१९३३ मधला एक खटला मला मुद्दाम सांगावासा वाटतो. टॉमस होकट या तरुणाला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकायचे होते. रंगामुळे प्रवेश नाकारला गेला. अठ्ठावीस वर्षांचे हेस्टी त्याच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. युक्तिवादाची वाहवा झाली, तरी खटला हरले. कारण होकटच्या स्वतःच्या, कृष्णवर्णीयांच्याच कॉलेजच्या प्रमुखांनी त्याची गुणपत्रके प्रमाणित करून द्यायला नकार दिला. दाखल्यासाठी ऑफिसबाहेर ताटकळलेल्या आपल्यापैकी अनेकांना या एका सहीची किंमत वेगळी सांगायला नको.

१९३७ मध्ये ते व्हर्जिन बेटांवर जिल्हा न्यायाधीश झाले. अमेरिकेतले ते पहिले कृष्णवर्णीय फेडरल न्यायाधीश. दोन वर्षांनी ते पद सोडून हॉवर्डच्या कायदा विभागाचे प्रमुख म्हणून परतले. महायुद्धात युद्धमंत्र्यांचे सल्लागार म्हणून त्यांना बोलावले गेले. सैन्यात सगळेच वेगळे होते : पलटणी वेगळ्या, वैमानिकांचे प्रशिक्षण वेगळे, इतकेच काय, रेडक्रॉसकडे जमा होणारे रक्तसुद्धा वेगळे ठेवीत. ज्या रक्ताच्या साठवणीचे शास्त्र त्यांच्याच शाळेतल्या ड्रूंनी पुढे नेले होते, ते रक्त! हेस्टींनी वारंवार टिपणे लिहिली, आक्षेप घेतले. हवाई दल बधत नाही असे दिसल्यावर जानेवारी १९४३ मध्ये राजीनामा दिला आणि त्याची कारणे वर्तमानपत्रांतून जाहीरपणे मांडली. युद्ध ऐन भरात असताना हे करायला छाती लागते. सैन्यातली विभागणी संपवण्याचा ट्रुमन यांचा आदेश निघायला १९४८ उजाडले.

दरम्यान मार्शल यांच्यासोबत त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दोन मोठे खटले जिंकले. १९४४ मध्ये टेक्सासमधील गोऱ्यांपुरत्या प्राथमिक निवडणुका बेकायदा ठरल्या. १९४६ मध्ये राज्याराज्यांतून धावणाऱ्या बसमधली सक्तीची वेगळी आसने.

व्हर्जिन बेटांचे गव्हर्नरपद भूषवून झाल्यावर ट्रुमन यांनी १९४९ मध्ये त्यांना फिलाडेल्फियाच्या तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयावर नेमले. त्या पायरीवर पोहोचणारे पहिले कृष्णवर्णीय तेच. सिनेटमध्ये त्यांच्यावर डाव्या विचारांचा संशय घेतला गेला आणि मंजुरी जुलै १९५० पर्यंत लांबली.

न्यायासनावर मात्र ते चळवळीतले वकील राहिले नाहीत. समोरच्या कायद्याला आणि पुराव्याला धरून, मोजक्या शब्दांत निकाल देत. याच शिस्तीची किंमत पुढे त्यांना मोजावी लागली, असे मला वाटते. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जागा रिकामी झाली तेव्हा केनेडींसमोर त्यांचे नाव होते. सिनेटमधल्या विरोधाची धास्ती होतीच, शिवाय सरन्यायाधीश वॉरन यांना ते पुरेसे उदारमतवादी वाटेनात, असे रॉबर्ट केनेडी यांनी नंतर सांगितले. एकेकाळी फार डावे म्हणून अडवलेला माणूस आता फार सावध म्हणून मागे राहिला. ती जागा बायरन व्हाइट यांना मिळाली. पाच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले ते थर्गुड मार्शल, त्यांचे विद्यार्थी.

हेस्टी १९६८ ते १९७१ आपल्या सर्किटचे मुख्य न्यायाधीश होते. १४ एप्रिल १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.