जे मायनर: एकट्या प्रोसेसरचा भार हलका करणारा माणूस

फोनवर गेम खेळताना चित्रं काढायचं काम मुख्य प्रोसेसर नाही, जीपीयू करतो. कामाची अशी वाटणी घरच्या कॉम्प्युटरमध्ये झकास करून दाखवणारे जे मायनर हे माझे आवडते इंजिनिअर.

जन्म १९३२, अमेरिकेत. अटारी २६०० कन्सोलच्या ग्राफिक्स चिपमध्ये त्यांचा मोठा हात होता. पुढे ६८००० प्रोसेसरवर नवीन मशीन बनवायचं होतं, पण अटारी तयार होईना. मग १९८२ मध्ये ते एका नव्या कंपनीत आले. तीच पुढे अमिगा झाली. पैसे संपत आले आणि १९८४ मध्ये कमोडोरने ती विकत घेतली.

१९८५ मध्ये अमिगा १००० आला. त्यात अ‍ॅग्नस चिप मेमरीची ने-आण बघायची, डेनिस चित्रं, पॉला आवाज. म्हणून त्या काळात ४०९६ रंग, स्टीरिओ आणि मल्टिटास्किंग जमलं! केसच्या आत टीमच्या सह्या आहेत, शेजारी मायनर यांच्या मिची या कुत्र्याच्या पंजाचा ठसाही.

किडनीचा आजार सोबत असतानाच त्यांनी नंतर हृदयाच्या डिफिब्रिलेटरच्या चिप्सवरही काम केलं. एप्रिल १९९४ मध्ये कमोडोर बुडाली, जूनमध्ये मायनर गेले.

अमिगा स्वतः बघायचाय? लॅपटॉपवर एफएस-यूएई हा मोफत एम्युलेटर टाका.