तांबेऱ्याचे कोडे

अँटोन डी बारी यांचा जन्म २६ जानेवारी १८३१ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे एका डॉक्टरांच्या घरी झाला. ते स्वतःही वैद्यकी शिकले. परंतु त्यांचे मन वनस्पतींतच रमले.

रोगट झाडातून बुरशी आपोआप उत्पन्न होते, असे त्या काळचे पुष्कळ विद्वान मानीत. बुरशी हेच रोगाचे कारण होय, असे डी बारींनी १८५३ साली प्रतिपादिले.

युरोपात दारुहळदीच्या जातीचे एक काटेरी, औषधी रानझुडूप आहे. वसंतऋतूत त्याच्या पानांवर नारिंगी ठिपके पडत. या झुडपांजवळील गव्हावर तांबेरा पडे व दाणा भरत नसे. दोष झुडपाचाच, असे शेतकरी म्हणत. पुष्कळ विद्वानांना मात्र ते पटत नसे.

डी बारींनी हा प्रश्न प्रयोगाने सोडविला. तांबेऱ्याचे काळे बीजाणू गव्हाच्या जुन्या काडावर टिकून राहतात. ते त्यांनी रुजविले आणि त्यांतून निघालेले सूक्ष्म बीजाणू झुडपाच्या निरोगी पानांवर सोडले. काही दिवसांनी तेथे तेच नारिंगी ठिपके उमटले! पानांच्या पाठीवर इवल्या पेल्यांसारखे आकारही दिसू लागले. झुडपावरील ठिपके आणि गव्हावरील तांबेरा ही एकाच बुरशीची दोन रूपे आहेत, हे १८६५ साली सिद्ध झाले.

पुढे १९१८ पासून अमेरिकेत गव्हाच्या प्रदेशातील ही झुडपे उपटण्याची मोठी मोहीम झाली. ती पाहण्यास डी बारी हयात नव्हते. १९ जानेवारी १८८८ रोजी स्ट्रासबुर्ग येथे त्यांचे निधन झाले होते. शेतकऱ्यांच्या अनुभवाला त्यांनी शास्त्राचा आधार दिला. वनस्पतिरोगशास्त्राच्या जनकांत त्यांची गणना आदराने होते.