प्रथिनांची बाराखडी मांडणाऱ्या मार्गारेट डेहॉफ

जनुकीय तपासणीत यंत्रातून जी माहिती बाहेर पडते, ती शेवटी अक्षरांची एक भलीमोठी फाइल असते. डीएनएचा प्रत्येक तुकडा कोणत्या गुणसूत्रावर, कितव्या जागी आणि कितपत जुळतो, हे त्यात ओळीओळीने लिहिलेले असते. पायथनसारख्या संगणकीय भाषेतील दहा-बारा ओळींची आज्ञावली ही फाइल वाचते आणि हवे ते वेचून देते. रेणूची रचना अक्षरांत उतरवायची आणि ती यंत्राकडून वाचून घ्यायची, हे ज्यांनी प्रथम करून दाखवले त्यांत डॉ. मार्गारेट डेहॉफ यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांची सुरुवात मात्र प्रथिनांपासून झाली, कारण १९६०च्या सुमारास अनुक्रम वाचता येत होता तो प्रथिनांचाच.

माहेरच्या मार्गारेट ओकली यांचा जन्म ११ मार्च १९२५ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे झाला. न्यूयॉर्क विद्यापीठातून १९४५ मध्ये त्यांनी गणिताची पदवी घेतली आणि कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्रातील संशोधन सुरू केले. व्यापारी हिशेबांसाठी बनवलेली पंचकार्डांची यंत्रे त्यांनी तेथे रेणूंच्या ऊर्जेची गणिते सोडवायला जुंपली. १९४८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड डेहॉफ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या.

१९६० मध्ये त्या वॉशिंग्टनजवळच्या नॅशनल बायोमेडिकल रिसर्च फाउंडेशन या संस्थेत रॉबर्ट लेडली यांच्याकडे आल्या. अख्खे प्रथिन एका दमात वाचणे रसायनशास्त्रज्ञांना शक्य नव्हते. ते त्याचे विकरांनी तुकडे करत आणि तुकडे वाचत. पण मग तुकड्यांचा क्रम कसा लावायचा? एकाच पत्राच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी फाडल्या, तर एका प्रतीतील तुकडा दुसरीतल्या दोन तुकड्यांचा सांधा दाखवून देतो. प्रथिनांचेही तसेच. हे काम हाताने करणे किचकट आणि चुकांना वाव देणारे होते. डेहॉफ आणि लेडली यांनी त्यासाठी फोर्ट्रान भाषेत ‘कॉम्प्रोटीन’ ही आज्ञावली लिहून १९६२ मध्ये जाहीर केली. आयबीएम ७०९० संगणक ही जुळणी काही मिनिटांत करू शकत होता. डीएनएच्या असंख्य तुकड्यांतून नव्या जीवाचा जनुकसंच जुळवताना आजही एकमेकांवर चढणाऱ्या टोकांचाच आधार घ्यावा लागतो.

पंचकार्डावर जागा मोजकी. त्यामुळे अमायनो आम्लांची तीन अक्षरी नावे डेहॉफ यांना खटकू लागली आणि त्यांनी एकेका अक्षराचा संकेत रूढ केला. ग्लायसीनला जी, ल्युसीनला एल, इथपर्यंत सोपे होते. पण वीस आम्लांतील काहींची आद्याक्षरे सारखीच. मग फेनिलअ‍ॅलनिनला उच्चारावरून एफ मिळाले आणि जोडवलयाच्या ट्रिप्टोफॅनच्या वाट्याला रुंद डब्ल्यू आले. जगभरच्या प्रयोगशाळा आज हीच बाराखडी गिरवतात.

१९६५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ६५ प्रथिनांचे अनुक्रम एका ‘अ‍ॅटलास’मध्ये छापले. पुढच्या आवृत्त्या फुगत गेल्या. तरी हे संशोधन नव्हे, दुसऱ्यांच्या शोधांची नुसती जंत्री आहे, असे मानणारे बरेच होते. त्या जंत्रीतूनच डेहॉफ यांनी जवळच्या नात्यातील प्रथिनांचे ७१ गट निवडले आणि त्यांत उत्क्रांतीने स्वीकारलेले १,५७२ बदल मोजले. कोणत्या आम्लाच्या जागी कोणते सहज चालते आणि कोणते सहसा चालत नाही, याचे गुण त्यांनी १९७८ मध्ये तक्त्यात मांडले. ट्रिप्टोफॅनसमोर ट्रिप्टोफॅन आले तर तब्बल १७ गुण. त्याजागी सिस्टीन आले तर उणे आठ. दोन प्रथिने खरोखर नात्यातली आहेत की साम्य योगायोगाचे, हे या बेरजेवरून ताडता येऊ लागले. जीवशास्त्रज्ञांच्या वापरातील ‘बायोपायथन’ या आज्ञावली-संग्रहात आजही ‘डेहॉफ’ नावाचा तक्ता आहे.

१९८० मध्ये दूरध्वनीच्या तारेवरून कोणत्याही संगणकाला जोडता येईल असा माहितीसाठा त्यांनी खुला केला. डीएनए अनुक्रमांच्या राष्ट्रीय भांडाराचे काम आपल्याला मिळेल अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. परंतु १९८२ मध्ये ‘जेनबँक’ लॉस अलामोसच्या गटाकडे गेली. डेहॉफ यांची संस्था अ‍ॅटलास विकत असे आणि त्यातील माहिती इतरांना वाटण्यावर बंधने घाली. संशोधक आपले अनुक्रम विश्वासाने पाठवत, त्यांना ही मालकी रुचत नव्हती. मात्र संग्रह चालवायला कायमचे सरकारी अनुदान नव्हते, हेही विसरता येत नाही. विक्रीवाचून खर्च भागणार कसा?

अमेरिकेच्या बायोफिजिकल सोसायटीच्या पदाधिकारी होणाऱ्या त्या पहिल्या महिला. आधी सचिव, नंतर अध्यक्ष. ५ फेब्रुवारी १९८३ रोजी, वयाच्या ५७व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. प्रथिनांच्या माहितीसाठ्याला अनुदान मिळावे म्हणून त्यांनी नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या डिव्हिजन ऑफ रिसर्च रिसोर्सेसकडे प्रस्ताव धाडला होता, त्याला तेव्हा आठवडाही उलटला नव्हता. तो साठा सहकाऱ्यांनी पुढे चालू ठेवला. २००२ मध्ये युरोपातील दोन संस्थांच्या संग्रहांशी त्याची सांगड घालून ‘युनिप्रॉट’ उभे राहिले. ते कोणालाही विनामूल्य पाहता येते.