एका सेकंदाचा चंद्र : ॲन्सेल ॲडम्स यांच्या गाजलेल्या फोटोची तारीख कशी सापडली?

मोबाइलवर चंद्राचा फोटो काढताना एक अडचण हमखास येते. गाव नीट दिसले, तर चंद्राचा नुसता पांढरा ठिपका होतो. चंद्र नीट आला, तर गाव काळोखात बुडते. कारण साधे आहे. चंद्रावर भर उन्हाचा प्रकाश असतो आणि जमिनीवर संध्याकाळ. अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी हे कोडे ८० हून अधिक वर्षांपूर्वी, तेही लाइटमीटरशिवाय सोडवले होते.

ॲडम्स यांचा जन्म १९०२ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. चार वर्षांचे असताना भूकंपाच्या धक्क्याने पडून त्यांचे नाक मोडले, ते कायमचे वाकडेच राहिले. व्हायचे होते पियानोवादक. पण १९१६ मध्ये योसेमिटीच्या डोंगरांत कोडॅकचा साधा कॅमेरा हाती आला आणि वाट बदलली.

१९४१ च्या शरद ऋतूत ते न्यू मेक्सिकोत मुलगा आणि मित्रासह गाडीने सांता फेकडे परतत होते. वाटेत हर्नांडेझ हे छोटे गाव लागले. मागे सूर्य मावळत होता, समोर बर्फाच्छादित डोंगरांवर पौर्णिमेच्या जवळ आलेला चंद्र आणि दफनभूमीतले क्रूस शेवटच्या उन्हात चमकत होते. गाडी थांबवून ८ बाय १० इंचांच्या निगेटिव्हचा अवजड कॅमेरा उभारला, तर लाइटमीटर सापडेना!

चंद्राची तेजस्विता प्रतिचौरस फूट २५० कॅन्डल असते, हे त्यांना पाठ होते. त्यावरूनच त्यांनी मनात हिशेब केला : गडद पिवळा फिल्टर, ॲपर्चर एफ/३२, एक सेकंद. दुसरी निगेटिव्ह घेण्याची तयारी होईपर्यंत क्रूसांवरचे ऊन गेले होते. हाती राहिली एकच निगेटिव्ह.

तीही सोपी नव्हती. गावाचा भाग फिका आला होता, म्हणून १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावर पुन्हा रासायनिक प्रक्रिया केली. पुढच्या प्रिंटमध्ये आकाश अधिकाधिक काळे होत गेले. आज अनेकांच्या डोळ्यांसमोर येणारी ती काळीभोर रात्र बरीचशी डार्करूममध्ये घडली आहे. प्रत्यक्षात तेव्हा उजेड होता. या एका निगेटिव्हच्या त्यांनी हजारावर प्रिंट काढल्या.

इतका नेमका हिशेब करणारा माणूस फोटोची तारीख मात्र लिहायला विसरला. कधी १९४०, कधी १९४४ असे वर्ष ते सांगत. शेवटी चंद्रच कामी आला. त्याच्या आकाशातील जागेवरून खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड एलमोर यांनी ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली. पुढे डेनिस डी चिको यांनी कॅमेऱ्याची जागा नव्याने तपासून गणित केले. उत्तर आले १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटे. हे १९९१ मध्ये समोर आले. ॲडम्स १९८४ मध्येच गेले होते. त्यांच्या पुस्तकात ३१ ऑक्टोबरच राहिली.