आल्मन स्ट्रोजर : आंकड्यांवरून वाट शोधणाऱ्या यंत्राचे जनक

मुंबईस नोकरीनिमित्त राहणाऱ्या गृहस्थानें आजऱ्यास घरीं टेलिफोन करावयाचा म्हणून ०२३२३ आणि त्यापुढें घरचा नंबर फिरविला, कीं त्याची हांक घाट ओलांडून थेट हिरण्यकेशीच्या कांठीं येऊन पोहोंचे. मध्यें कोणास विचारणें नाहीं, कोणाची विनवणी नाहीं. आंकडे हेच वाटाडे. ही किमया ज्यांच्या डोक्यांतून निघाली ते कोणी नामांकित शास्त्रज्ञ नव्हते. आरंभीं ते शाळामास्तर होते, व पुढें प्रेतसंस्काराची व्यवस्था लावण्याचा धंदा करीत. त्यांचें नांव आल्मन ब्राउन स्ट्रोजर.

स्ट्रोजर यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८३९ रोजीं अमेरिकेच्या न्यूयॉर्क संस्थानांत, रॉचेस्टर शहरानजीक पेनफील्ड या गांवीं झाला. आईनें कांहीं काम सांगितलें, कीं ते व त्यांचे भाऊ तें काम करण्याऐवजीं त्यासाठीं यंत्र कसें बनवितां येईल याचाच विचार करीत बसत, असें सांगतात. (आमच्या वर्गांतहि असे विद्यार्थी आहेत, यंत्र मात्र अद्याप कोणीं दाखविलेलें नाहीं.) १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेव्हां ते न्यूयॉर्कच्या आठव्या घोडेस्वार पलटणींत दाखल झाले व लेफ्टनंटच्या हुद्द्यास पोहोंचले. युद्धानंतर त्यांनीं कांहीं काळ शिक्षकाचा पेशा पत्करला. पुढें तो सोडून ते प्रेतसंस्काराच्या धंद्यांत पडले व कॅन्सस सिटी येथें येऊन राहिले.

त्या काळीं टेलिफोन नुकताच निघाला होता. यंत्राचा कर्णा उचलला, कीं एक्सचेंजांत बसलेली बाई विचारी, कोण पाहिजे? नांव सांगितलें, कीं ती आपल्या हातानें दोन तारा जोडून देई. म्हणजे कोणाची हांक कोठें जावी हें सर्वस्वीं तिच्या हातीं. एकाद्या घरीं मृत्यु झाला असतां शोकाकुल माणसें नांव घेऊन स्ट्रोजर यांना बोलावूं लागलीं, तरी बोलावणें जाई दुसऱ्याच व्यावसायिकाकडे, असा स्ट्रोजर यांचा संशय होता. ती बाई त्या प्रतिस्पर्ध्याची पत्नीच होती, अशी आख्यायिका आहे. ही कथा निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळ्या तऱ्हेनें सांगितली आहे. तेव्हां त्या बिचाऱ्या बाईवर आपण तरी शिक्कामोर्तब करूं नये. पण आपला धंदा बुडतो आहे आणि त्याचा जाब कोणास विचारावा हें कळत नाहीं, या विवंचनेंतून त्यांच्या मनानें घेतलें, कीं मध्यें माणूस नकोच.

हातीं ना कारखाना, ना विजेच्या शास्त्राचें शिक्षण. कॉलर ठेवण्याची एक गोल पेटी घेऊन तींत टांचण्यांच्या ओळी खोंचून त्यांनीं पहिला नमुना तयार केला, असें म्हणतात. प्रत्येक टांचणी म्हणजे एकेका घरची तार, आणि मध्यभागीं त्या टांचण्यांना स्पर्श करणारा एक हात. १२ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं पेटंटासाठीं अर्ज केला. १० मार्च १८९१ रोजीं ४४७९१८ या क्रमांकाचें पेटंट त्यांना मिळालें.

या यंत्राची युक्ति नीट समजून घेण्यासारखी आहे. पुढें सुधारून जें रूप रूढ झालें त्यांत एक उभा दांडा असतो व त्याभोंवतीं अर्धवर्तुळांत दहा मजले, प्रत्येक मजल्यावर दहा टोंकें. समजा, ४७ हा नंबर हवा आहे. ४ हा आंकडा पाठवितांच विजेचे चार ठोके येतात व प्रत्येक ठोक्यास दांडा एक मजला वर चढतो. मग ७ चे सात ठोके येतात व तो सात पावलें आडवा वळतो. झाली गांठ! नंबर मोठा असल्यास अशीं यंत्रें एकापुढें एक ठेवितात. पहिल्या आंकड्यानें पहिलें यंत्र आपला मजला निवडतें, तेथें मोकळी वाट हुडकतें आणि हांक पुढच्या यंत्राच्या स्वाधीन करतें. संपूर्ण पत्ता कोणाहि एका यंत्रास ठाऊक नसतो. आपल्या आजऱ्याचेंच पहा. ० म्हणजे परगांव. २ नें हांक मुंबई, पुणें, गुजराथ या बाजूस वळते (नागपूरची ७ कडे फुटते). २३ नें ती कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी या मुलुखांत येते. आणि २३२३ नें आजऱ्यांत.

हॅरिस, मेयर, कीथ अशा भागीदारांच्या साहाय्यानें ३ नोव्हेंबर १८९२ रोजीं इंडियाना संस्थानांतील ला पोर्ट या गांवीं जगांतील पहिलें सार्वजनिक स्वयंचलित एक्सचेंज सुरू झालें. ग्राहक अवघे ७५ च्या सुमारास. आंकड्यांची फिरती तबकडी तेव्हां नव्हती. एक बटण दहमासाठीं, एक एककासाठीं, अशीं मोजून दाबावीं लागत, आणि मोजण्यांत चूक झाली कीं भलत्याच घरीं घंटी वाजे! तबकडी निघाली ती त्याच कंपनींतील कीथ व एरिक्सन बंधु यांच्या हातून, चार वर्षांनंतर.

हिंदुस्थानांत स्वयंचलित एक्सचेंज प्रथम सिमल्यास १९१३-१४ सालीं आलें. १९४८ सालीं बंगलोर येथें सरकारी कारखाना निघाला व तेथें स्ट्रोजर पद्धतीचीं यंत्रें तयार होऊं लागलीं. कानपूर व लखनौ यांमध्यें १९६० सालीं परगांवचा नंबर थेट फिरवितां येऊं लागला. तीं खडखडणारीं यंत्रें आतां गेलीं. आपल्या शेजारीं बेळगांव जिल्ह्यांत कित्तूर येथें १९८६ सालीं देशी बनावटीचें ग्रामीण इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज बसलें.

आतां बोलणें इंटरनेटवरूनहि जातें, आणि तेथें एक नवीच अडचण आली. इंटरनेटास टेलिफोनचे आंकडे समजत नाहींत. त्याचे पत्ते निराळे. शिवाय २० जानेवारी २०११ पासून आपल्या देशभर मोबाइलचा नंबर न बदलतां कंपनी बदलतां येते, त्यामुळें नंबर पाहून तो कोणत्या कंपनीच्या जाळ्यांत आहे हें सांगतां येत नाहीं. म्हणून हांक सोडण्यापूर्वीं एका सूचींत पाहावें लागतें, कीं या नंबराचें बिऱ्हाड सध्यां कोठें आहे. २००० सालीं यासाठीं एक मोठी गमतीची रीत ठरली : नंबर उलटा वाचावयाचा, प्रत्येक आंकड्यानंतर टिंब द्यावयाचें, आणि इंटरनेटच्या नामसूचीस विचारावयाचें. उलटा कां? तर टेलिफोनांत देश आधीं व घर शेवटीं, आणि इंटरनेटच्या नांवांत, आपण पाकिटावर लिहितों त्याप्रमाणें, घर आधीं व देश शेवटीं. सर्वांसाठीं खुली अशी सूची फारशी रुजली नाहीं. पण कंपन्या आपापसांत अशाच सूची बाळगतात. स्ट्रोजर यांचा दांडा पावलापावलानें वाट काढी. आतां वाट आधीं विचारून मग निघावें लागतें.

या यंत्रांमुळें कालांतरानें तारा जोडणाऱ्या हजारों स्त्रियांच्या नोकऱ्या गेल्या, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. आणि खुद्द स्ट्रोजर यांना काय मिळालें? १८९६ सालीं त्यांनीं आपलीं पेटंटें भागीदारांना १,८०० डॉलरांस विकलीं व १८९८ सालीं कंपनींतील आपला हिस्सा १०,००० डॉलरांस. तींच पेटंटें १९१६ सालीं बेल कंपनीनें २५ लक्ष डॉलर मोजून घेतलीं. तोंवर स्ट्रोजर हयात नव्हते. प्रकृति खालावल्यामुळें ते फ्लॉरिडांत सेंट पीटर्सबर्ग येथें जाऊन राहिले होते, व तेथेंच २६ मे १९०२ रोजीं, वयाच्या ६३ व्या वर्षीं वारले. ग्रीनवुड येथील स्मशानभूमींत त्यांच्या थडग्यावर सैनिकास देतात तशी साधी पांढरी शिळा बसविली गेली, आणि तीवर त्यांचें नांव, हुद्दा व घोडेस्वार पलटणीचा क्रमांक एवढेंच कोरलें होतें.