कायदामंत्री बाबासाहेब

आमच्या वर्गात बाबासाहेबांचा फोटो आहे. दर १४ एप्रिलला आम्ही त्याला हार घालतो. या वेळी बाईंनी मला भित्तिपत्रकासाठी लिहायला सांगितलं. ते देशाचे पहिले कायदामंत्री होते, त्यावर लिही, असं त्या म्हणाल्या. मला वाटायचं, कायदामंत्री म्हणजे सगळ्यांत मोठा न्यायाधीश. चोराला शिक्षा तोच देत असेल. पण तसं नसतं.

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मूळ गाव कोकणातलं आंबडवे. वडील लष्करात सुभेदार होते. शाळेत भीमरावांना वेगळं बसवत, पाण्याच्या भांड्याला हात लावू देत नसत. तरी ते शिकले. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. पुढे लंडनला बॅरिस्टर झाले आणि मुंबईच्या हायकोर्टात वकिली करू लागले.

२० मार्च १९२७ रोजी ते हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. पण विरोधकांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला. लोक तर लांबून लांबून जमले होते. बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली, सत्याग्रह थांबवला आणि कोर्टात लढले. हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, तो १९३७ साली. दहा वर्षं! मी असते तर तेव्हाच घागर घेऊन तळ्यावर गेले असते.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. बाबासाहेब काँग्रेस पक्षाचे नव्हते, तरी पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात त्यांना कायदा खातं मिळालं. आपल्या शालेय मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री नखं तपासतो, पाणीमंत्री माठ भरून घेतो. तशीच देशाचीही कामं वाटलेली असतात. राष्ट्रपती पंतप्रधानांची नेमणूक करतात आणि त्यांच्या सल्ल्याने बाकीचे मंत्री नेमतात. सगळे मंत्री मिळून लोकसभेला जबाबदार असतात.

मग कायदामंत्री काय करतो? आज त्या खात्याला विधी व न्याय मंत्रालय म्हणतात. त्याचे तीन विभाग आहेत. एक विभाग सरकारला कायद्याचा सल्ला देतो आणि सरकारचे खटले पाहतो. दुसरा नव्या कायद्यांचे मसुदे लिहितो. तिसरा न्याय विभाग. तो हायकोर्टाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीचं सरकारी काम पाहतो. पोलीस या खात्यात नाहीत, ते गृहखात्याकडे असतात.

आणि निकाल? तो फक्त न्यायाधीश देतात. मंत्री त्यांना हुकूम देऊ शकत नाही, नोकरीवरून काढूही शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत मोठ्या बहुमताने ठराव व्हावा लागतो. हे सगळं संविधानात लिहिलेलं आहे, आणि त्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेबच होते. म्हणजे मंत्र्याला कुठे थांबायचं, ते स्वतः मंत्री असणाऱ्या माणसानेच लिहायला मदत केली. मला ही गोष्ट फार आवडली.

मंत्री असताना त्यांनी हिंदू कोड बिल मांडलं. मुलींनाही बापाच्या मालमत्तेत वाटा मिळावा, एका माणसाने दोन बायका करू नयेत, असं त्यात होतं. पुष्कळ लोकांनी विरोध केला. बिल अडलं. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. आणखीही कारणं होती, पण हे मोठं होतं. खुर्ची सोडली, मुलींचा वाटा सोडला नाही.

पुढे त्याच बिलाचे चार कायदे झाले, १९५५ आणि १९५६ साली. वारसाचा कायदा जून १९५६ मध्ये लागू झाला. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच हक्क मात्र महाराष्ट्रात १९९४ साली आणि सगळ्या देशात २००५ साली मिळाला.

हे मी का लिहिलं ते सांगते. माझे आजोबा गेल्या वर्षी वारले. आत्या दिवाळीला आली तेव्हा हक्क सोडल्याच्या कागदावर तिची सही घ्यायची, असं घरात बोलणं चाललं होतं. आत्या काही बोलली नाही, नुसती भाकऱ्या थापत राहिली. वडीलही गप्पच होते. सही अजून झालेली नाही.

शनिवारी पालकसभा आहे. माझे वडील येतील. ते भित्तिपत्रक नेहमी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात.

अशा या थोर कायदामंत्र्याला माझा नमस्कार.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी