रमाबाई रानडे

रमाबाई महादेव रानडे (जन्म : २५ जानेवारी १८६२, मृत्यू : १९२४) या मराठी समाजसेविका, लेखिका आणि पुणे सेवासदन या संस्थेच्या संस्थापक-अध्यक्षा होत्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्यांचे पती. आमच्या आयुष्यातील काही आठवणी या आत्मचरित्रामुळे मराठी साहित्यात त्यांचे नाव कायम झाले. हिंदू घरांतील स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचारिकेचा व्यवसाय मानाने करता यावा यासाठी त्यांनी केलेले काम मात्र त्या मानाने कमी परिचित आहे.

बालपण आणि विवाह

रमाबाईंचा जन्म तत्कालीन सातारा जिल्ह्यातील (आताचा सांगली जिल्हा) देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. पुढे यशवंतराव चव्हाण यांचा जन्मही याच गावात झाला. रमाबाईंचे माहेरचे नाव यमुना. मुलींना अक्षरओळख करून देण्याची त्या घरात पद्धत नव्हती. १८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे विधुर होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने स्वतः कुमारिकेशी लग्न केले, म्हणून त्यांच्यावर बरीच टीका झाली. वडिलांचा आग्रह त्यांना मोडता आला नव्हता.

शिक्षण आणि घरातील विरोध

लग्नानंतर लगेच रानडे यांनी पत्नीला लिहिण्यावाचण्यास शिकवायला आरंभ केला. मराठीनंतर इंग्रजी आले. पुण्यात इंग्रजी शिकवण्यासाठी हर्फर्ड नावाच्या मिशनरी बाई घरी येत. त्यांच्याशी झालेल्या संपर्काने विटाळ होतो असे मानून घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया धड्यानंतर रमाबाईंना स्नान करायला लावीत. हा प्रसंग आत्मचरित्रात आला आहे. त्यांच्या पुढच्या कार्याच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे, कारण परक्या माणसाचा स्पर्श म्हणजे विटाळ ही समजूत किती खोल रुजलेली आहे, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाजाची स्थापना झाली. रमाबाई रानडे त्या सभांना जाऊ लागल्या, तेव्हा घरातील बोलण्यांना धार आली. मुलींच्या इंग्रजी शाळेच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत त्यांनी इंग्रजी निवेदन वाचून दाखवले, त्याचेही घरी कौतुक झाले नाही. ती शाळा १८८४ मध्ये सुरू झाली व पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्ध झाली. घरातील थोरांना उलट उत्तर न देता आपले काम चालू ठेवण्याची रीत रमाबाईंनी या वर्षांत अंगी बाणवली. काही अभ्यासकांना ती अतिसावध वाटते.

मुंबई आणि वैधव्य

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले व कुटुंब मुंबईस गेले. तेथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब उभारला. या क्लबात स्त्रियांसाठी भाषा, शिवण आणि प्रथमोपचाराचे वर्ग चालत. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे यांचे निधन झाले. त्यांच्या अखेरच्या आजारातील शुश्रूषा रमाबाईंनी केली. आत्मचरित्राचा शेवटचा भाग त्याच दिवसांचा आहे. पतीच्या निधनानंतर त्या पुण्यास परतल्या आणि काही काळ जवळजवळ कोणाला भेटल्या नाहीत.

१९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने मुंबईत सेवासदन निघाले आणि त्याच्या अध्यक्षा रमाबाई झाल्या. १९०९ मध्ये भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुणे सेवासदन सुरू झाले. त्यासाठी रमाबाईंनी रानडे यांचा वाडा दिला.

परिचारिका प्रशिक्षण

आजाऱ्याची सेवा स्त्रीने करायची, याविषयी त्या काळी कोणाचे दुमत नव्हते. सासूचे पाय चेपणारी, पतीचे पथ्यपाणी सांभाळणारी, बाळंतिणीला शेकशेगडी करणारी स्त्री गुणी समजली जाई. तीच कामे रुग्णालयात, परक्या माणसासाठी, पगार घेऊन केली की ती हलकी ठरत. आजाऱ्याचे मलमूत्र, रक्त, सोयर आणि सुतक यांच्याशी येणारा संबंध, कोणत्याही जातीच्या रोग्याला स्पर्श, पुरुष डॉक्टरांच्या हाताखाली काम आणि रात्री घराबाहेर राहणे, यांपैकी एकेक गोष्टसुद्धा पांढरपेशा घराला नको होती. खेड्यात बाळंतपणे सुईण करी. तिच्यावाचून अडत असे, तरी तिचा विटाळ मानला जाई. शिवाय १८९७ च्या प्लेगमध्ये घराघरांतून माणसे जबरीने रुग्णालयात नेली गेली होती. त्यामुळे रुग्णालय म्हणजे परत न येण्याची जागा, ही पुण्यातील लोकांची भावना ताजी होती.

प्रशिक्षित परिचारिका अगदीच नव्हत्या असे नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली होती. तोपर्यंत इंग्लंडमध्येही रुग्णालयातील दाईला मान नव्हता. मुंबईत १८८६ मध्ये स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय उघडले आणि १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत तेथे प्रशिक्षणासाठी दाखल झाल्या. त्यांची नोंद पहिल्या भारतीय प्रशिक्षणार्थी परिचारिका म्हणून केली जाते. तरीही या व्यवसायात बहुतांश युरोपीय, अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती स्त्रियाच होत्या. मिशन रुग्णालयात गेलेली मुलगी धर्म बदलून येईल, ही पालकांची भीती त्यामुळे बळावत असे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाविषयी १८९३ मध्ये याच कारणाने वादळ उठले होते आणि सल्लागार मंडळातून स्वतः रानडे बाहेर पडले होते. सेवासदनाने शुश्रूषेचा विषय हाती घेतला तेव्हा हा इतिहास सर्वांच्या डोळ्यांसमोर होता.

१९११ च्या सुमारास सेवासदनाच्या विद्यार्थिनी पुण्याच्या ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. पुढे प्रसूतिविद्या व वैद्यकीय शिक्षणासाठीही संस्थेने विद्यार्थिनी तयार केल्या. त्यांच्यासाठी वसतिगृहाची सोय केली गेली. मुलगी रुग्णालयात राहत नसून सेवासदनात राहते, असे घरच्यांना चार लोकांत सांगता येणे ही त्या वेळी लहान गोष्ट नव्हती. रमाबाईंचे नाव हीच त्यामागील खरी हमी होती. त्या स्वतः उच्चवर्णीय विधवा होत्या, न्यायमूर्तींच्या पत्नी होत्या आणि धर्माचार सांभाळून राहत. त्यांच्या वागण्यावर बोट ठेवणे सनातन्यांनाही अवघड जात असे. मुली व तरुण विधवा यांना या शिक्षणासाठी त्या स्वतः राजी करीत. या मार्गाची मर्यादाही स्पष्ट आहे : ज्यांना अशा हमीची गरज होती त्या प्रामुख्याने वरच्या जातींतील स्त्रिया होत्या. पिढ्यान्पिढ्या बाळंतपणे करणाऱ्या सुईणींच्या मानाचा प्रश्न त्यातून सुटला नाही.

विरोध केवळ बाहेरून नव्हता. संस्थेच्या एका वार्षिक स्नेहसंमेलनात जुन्या वेषातील एक विधवा पारितोषिक घेण्यास व्यासपीठावर आली, तेव्हा विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडवली. समारोपाला उठलेल्या रमाबाईंनी त्यांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली. ज्याच्या घरात एकही विधवा बहीण, आत्या किंवा मावशी नाही असा कोण येथे आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. एरवी मृदू बोलणाऱ्या रमाबाई या प्रसंगी चिडल्या, म्हणून तो त्यांच्या चरित्रांत आवर्जून सांगितला जातो. त्यानंतर संमेलनात अशी हुल्लड झाली नाही.

इतर कार्य

येरवड्याच्या कारागृहातील स्त्री कैद्यांना त्या भेटी देत. १९२० मध्ये पुणे नगरपालिकेने प्राथमिक शिक्षण मुलांबरोबर मुलींनाही सक्तीचे करावे, यासाठी झालेल्या चळवळीत त्या आघाडीवर होत्या. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठीही त्यांनी प्रयत्न केले. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मचरित्र मराठीतील स्त्रियांच्या आरंभीच्या आत्मचरित्रांत गणले जाते.

निधन आणि वारसा

१९२४ मध्ये पुण्यात रमाबाईंचे निधन झाले. सेवासदनाचा विस्तार सोलापूर, नागपूर आदी ठिकाणी झाला. आज ज्याला मराठवाडा म्हणतात तो नांदेड, लातूरचा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता आणि मुंबई इलाख्यातील या चळवळीच्या कक्षेबाहेर राहिला. आता या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. राज्याच्या अशा रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका ही पदे मुख्यतः स्त्रियाच सांभाळतात. त्यांच्या तक्रारी रिक्त पदे, कंत्राटी नेमणुका, रात्रपाळी आणि रोग्याच्या नातेवाइकांकडून होणारी मारहाण यांविषयी असतात. शेवटच्या प्रश्नावर महाराष्ट्रात २०१० मध्ये स्वतंत्र कायदा झाला. रुग्णालयात नोकरी करते म्हणून घरात घेऊ नये, असे मात्र त्यांना आता कोणी म्हणत नाही.

रमाबाईंच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने १९६२ मध्ये त्यांचे तिकीट काढले. त्यांच्या जीवनावर आधारित उंच माझा झोका ही मालिका २०१२ मध्ये झी मराठी वाहिनीवरून प्रसारित झाली.